२४ पैकी १७

१४ एप्रिल २०२४ हा रविवार होता. सकाळी पिंपरीच्या चौकात परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आम्ही घरी आलो आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात भाषणाला गेलो. वक्ते कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक होते. भाषण सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, अशांनी हात वर करा." माझा हात अर्धा वर गेला आणि परत खाली आला. आजूबाजूला पाहिलं तर निळ्या-पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत चार-पाच हात वर होते, आणि त्यांतले दोन शाळेच्या मुलांचे.

घरी आले तर समोरच शोकेस. त्यात शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड. ह्यांनी मोठ्या हौसेने एकेक करून आणलेले. जयंतीला आणि सहा डिसेंबरला आम्ही ती काच पुसतो, पण काचेच्या आतली पानं कोणी उलटली नव्हती. वाचक बंधू-भगिनींनो, खोटं कशाला बोलू, आपल्या किती घरांत हे असंच असेल ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मी दहावीपर्यंत शिकले. चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या वायरी जोडण्याच्या लाइनवर ठेकेदाराकडून कामाला आहे. आमच्या लाइनच्या टोकाला एक फळा असतो. दर तासाला त्यावर लिहायचं: टार्गेट किती, झाले किती, कमी पडले तर कारण काय. त्या फळ्याची मला इतकी सवय झालेली, की त्या रात्री लेकीच्या शंभरपानी वहीत मी तसेच रकाने आखले. नंबर, पुस्तकाचं नाव, कधी सुरू केलं, कधी संपलं, पानं किती. आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: टार्गेट २४. महिन्याला दोन, पुढच्या १३ एप्रिलपर्यंत. लेक तेव्हा दहावीत जायची होती. ती म्हणाली, "मम्मी, तू सहा तरी वाचून दाखव."

वाचायला वेळ कुठला, तर कंपनीच्या बसचा. भोसरी, मोशी, कुरुळी करत बस चाकणला जाते. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास, नाही तर दीड. त्या कोंडीला सगळे शिव्या देतात, मी तिच्यावरच वर्ष काढलं. पहिल्या पाळीला पहाटे बसमध्ये अंधार असतो, त्यामुळे येतानाच वाचता येई. दुसऱ्या पाळीला जाताना वाचायचं, कारण रात्री साडेबाराला परतताना डोळे उघडे राहत नाहीत. शेजारच्या बायका मोबाइल बघायच्या. एकीने विचारलं, "कुठल्या परीक्षेला बसलीस गं?" परीक्षा नाही म्हटल्यावर तिला ते पटलं नाही.

पहिल्या अडीच महिन्यांत सात पुस्तकं झाली. टार्गेटच्या पुढे! आता सांगते कशी झाली ती. जयंतीच्या स्टॉलवर वीस-तीस रुपयांना पातळ पुस्तिका मिळतात, सावित्रीबाईंची, शाहू महाराजांची, माता रमाईंची चरित्रं. मी त्या निवडून निवडून आणल्या. एक मोठं होतं, शांताबाई कांबळे यांचं 'माझ्या जल्माची चित्तरकथा', ते मात्र दोन दिवसांत संपलं, कारण ते खाली ठेवताच येईना. त्याच्यावरून पूर्वी दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका झाली होती, ती आमच्या आईने शेजारच्या घरी दारात बसून पाहिलेली. आणि सातवं होतं महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड'. ते मी कसं वाचलं, तर डोळे ओळींवरून फिरवत गेले आणि शेवटचं पान आल्यावर वहीत तारीख टाकली. लाइनवर असं कोणी केलं तर आम्ही म्हणतो, माल कागदावर निघाला.

माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, ऐंशीच्या घरात आहेत. पिंपरीत औषधांच्या कारखान्यात ते हेल्पर होते. चौथीपर्यंत शिकलेले, पण रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत वाचणारा माणूस. काचबिंदूने सहा-सात वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. त्यांना माझ्या वहीचं फार कौतुक. जुलैत एका संध्याकाळी म्हणाले, "पोरी, सात झाली म्हणतेस. एकेकाचं सांग बरं, काय होतं त्यात?"

शांताबाईंचं मी अर्धा तास सांगितलं. सावित्रीबाईंचं सांगितलं. रमाईंच्या पुस्तिकेपाशी आले आणि अडकले, मला आधीपासून माहीत होतं त्याच्यापलीकडे एक वाक्य आठवेना. आणि असूडाचं विचारल्यावर मी म्हटलं, "त्यात शेतकऱ्यांचं दुःख आहे." मामा हसले. "ते तर नावावरूनच कळतंय की."

मी वही आणली आणि त्या दोन पुस्तकांवर काट मारली. सातची पाच झाली. मामांनी एक रकाना वाढवायला लावला. त्याला काय नाव द्यायचं ते आम्हाला सुचेना, शेवटी लेकीने लिहिलं: 'काय राहिलं'. या रकान्याने पुढे माझा फार छळ केला. पानं मोजायला सोपी असतात.

त्याच महिन्यात आषाढ पौर्णिमा आली, वर्षावास सुरू झाला. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू झालं, पण मामांचे गुडघे त्यांना तिथवर नेईनात. ते म्हणाले, "घरीच वाच." मी मनात हिशेब केला: आठ खंडांचा ग्रंथ, तोही मोठ्याने, म्हणजे तीन महिने एकच पुस्तक. टार्गेटचं काय? पण नाही म्हणवेना. पहिली पाळी असली की संध्याकाळी सात ते आठ आणि दुसरी असली की सकाळी दहाला. शेजारच्या दोघी-तिघी भाजी निवडत येऊन बसत.

मोठ्याने वाचताना काही गाळता येत नाही, हे मला नवीन होतं. मामा लगेच पकडत, "मधलं काही तरी सोडलंस." पहिल्याच खंडात शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण येतं. सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, असं आपण शाळेत शिकलो. बाबासाहेब तसं मानत नाहीत. ते दाखवतात, की शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थाने विरोध केला, मतं घेतली गेली आणि तो हरला. दुसऱ्या दिवशी सेनापतीने २० ते ५० वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावं असा ठराव आणला, तेव्हा सिद्धार्थ उभा राहून म्हणाला, मी येणार नाही. मग शिक्षा काय, तर घरादारावर बहिष्कार, जमिनीची जप्ती, नाही तर देश सोडणं. घरच्यांवर बहिष्कार नको म्हणून त्याने स्वतः देश सोडणं पत्करलं.

हे वाचून झालं तेव्हा कोणी बोललं नाही. मग भाजी निवडणारी एक मावशी म्हणाली, "म्हणजे कमिटीत एकटा पडला होता." दुसरीने विचारलं, यशोधरेचं काय? यशोधरा काय म्हणते ते पुढच्या पानावर होतं, पण माझी बसची वेळ झाली. त्या दिवशी बसमध्ये मी दुसरं पुस्तक उघडलंच नाही. त्या रात्री वहीच्या शेवटच्या रकान्यात मी जेवढं लिहिलं, तेवढं आधीच्या पाचही पुस्तकांचं मिळून नव्हतं.

ऑक्टोबरातल्या आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला. मध्ये बसमध्ये आणखी दोन झाली होती. एकूण ८. असायला हवी होती १२.

आता जे सांगायचं आहे ते वहीत नव्हतं. बसमध्ये वाचायची सगळी पुस्तकं मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेत असे. लेकीने विचारलं तर सांगायची, धूळ लागते, तेलाचे हात लागतात. मलाही तेच खरं वाटायचं.

नोव्हेंबरात बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह घेतला. १९६३ साली आलेलं पुस्तक. त्या नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण परक्या गावात खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती कळल्यावर मार खातो. मोशीच्या पुढे बस अडकली होती. मी ते वाचत होते आणि पुस्तकाच्या पाठीवर, माझ्या बोटांखाली, कुठल्या तरी फ्लॅट स्कीमची जाहिरात होती.

लग्नानंतर दोन वर्षं आम्ही चाकणजवळच्या एका गावात भाड्याने राहिलो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीने आधी पाणी दिलं आणि मग आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं, की ते मराठ्यांतही आहे आणि आपल्यातही. ह्यांनी फक्त आडनाव सांगितलं, पुढे काही नाही. बाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. दोन वर्षं बाबासाहेबांचा फोटो आम्ही लोखंडी कपाटात, आतल्या बाजूला, साड्यांच्या मागे ठेवला होता. रोज कपाट उघडताना मी त्यांना नमस्कार करायची आणि कपाट लावून घ्यायची. हे मी कोणालाही, माझ्या आईलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं.

तर कव्हर धुळीसाठी नव्हतं.

त्या दिवशी मी ते काढलं असं सांगायला बरं वाटलं असतं. काढलं नाही. आठ-दहा दिवस तसंच गेलं. लाइनवर लीडरशी, सुपरवायझरशी संबंध असतात, ठेक्याची नोकरी, उगाच कशाला, असं मनाशी म्हणत राहिले. मग डिसेंबर उजाडला. सहा तारखेला चैत्यभूमीला जाणं झालं नाही, पण शेजारचा मुलगा जाणार होता, त्याच्याकडून बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मागवलं. शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून त्याने ते आणलं. बेबीताई फलटणच्या, किराणा दुकान चालवणाऱ्या. पुड्या बांधायचे कागद वाचत वाचत त्यांचं वाचन वाढलं आणि दुकानातच बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी आपली कहाणी लिहिली. ते कागद वीस वर्षं लपलेले राहिले. पुढे १९८६ साली पुस्तक निघालं. एका बाईने वीस वर्षं लपवलेलं पुस्तक मी परत पुडीच्या कागदात गुंडाळते आहे, असं मनात आलं आणि मला हसू आलं. खरंच हसू आलं, रडू नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडंच नेलं. पोटात गोळा होता. काय झालं? फारसं काही नाही. रोज माझ्या शेजारी बसणारी एकजण दोन दिवसांनी पुढच्या सीटवर बसू लागली. कदाचित खिडकीसाठी असेल, मी विचारलं नाही. आणि जी परीक्षेचं विचारायची ती म्हणाली, "झालं की मला दे." ती आपल्यातली नाही. तिने पुस्तक तीन आठवडे ठेवलं आणि परत देताना त्यातल्या सासुरवासाबद्दल बोलली. माहेरी पळून जाऊ पाहणाऱ्या कोवळ्या सुनांचं काय होई, ते बेबीताईंनी लिहिलंय. ती म्हणाली, "आमच्या आजीचं असंच." जातीबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

२५ डिसेंबरला मामांना रिक्षाने देहूरोडला नेलं. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथल्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. मामांचे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर होते आणि मामा तेव्हा दहा वर्षांचे, बापाचं बोट धरून गर्दीत उभे. त्यांना बाबासाहेब दिसले का, असं सगळे विचारतात. ते खरं तेच सांगतात: "मला माणसांच्या पाठी दिसल्या आणि धूळ." तिथल्या स्टॉलवरून मी चार पुस्तकं घेतली. वर्षअखेर वहीत १२ झाली होती, असायला हवी होती १७.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराने ब्रेक दिला. सात महिने झाले की देतात, परत बोलावतात किंवा नाही बोलावत. मला वाटलं, चला, आता दिवसच दिवस मोकळा, पाच पुस्तकांचा बॅकलॉग भरून काढू. सात आठवडे घरी होते. त्यातल्या पहिल्या पाच आठवड्यांत एक पान वाचलं नाही. पुस्तक घेऊन बसायची आणि डोक्यात गॅसचा सिलिंडर, लेकीच्या क्लासची फी, फोन वाजला का ते बघणं. दीड तासाच्या कोंडीत, हॉर्नच्या आवाजात उभ्याने वाचणारी मी, शांत घरात वाचू शकले नाही. वेळ नाही म्हणून वाचत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले होते.

फेब्रुवारीत लेकीची दहावीची परीक्षा आली. ती रात्री अभ्यासाला बसली की मी सोबत बसायची, झोप येऊ नये म्हणून काही तरी हातात हवं. देहूरोडला घेतलेल्या एका पुस्तिकेत मुक्ता साळवेचा निबंध होता. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. काही पानांचाच आहे. मी तो लेकीला वाचून दाखवला. तिने वही बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही माझ्यापेक्षा लहान होती?"

आता हे वहीत धरायचं की नाही, यावर घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, निबंध म्हणजे पुस्तक नव्हे, हिशेब तो हिशेब. टेम्पोचा धंदा करणारा माणूस, त्यांना ट्रिपला ट्रिपच मोजायची सवय. लेक म्हणाली, मग पातळ पुस्तिका कशा धरल्या? मामांनी शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. ऐकून म्हणाले, "एक धरा." १३.

मार्चात परत कामावर घेतलं. दुसरी लाइन, पण बस तीच. दीड महिन्यात चार झाली, आणि त्यांतलं एक असूड होतं, काट मारलेलं. या वेळी ते बसमध्ये वाचायचं नाही असं ठरवलं. झालं असं, की प्रस्तावना नीट वाचली तेव्हा कळलं, फुल्यांनी १८८३ साली हे पुस्तक लिहिताना त्यातला मजकूर मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या लोकांना वाचून दाखवला होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. जुन्नर-ओतूर म्हणजे चाकणवरून पुढे जावं तिकडचीच गावं. म्हणजे ते ऐकायचंच पुस्तक होतं आणि मी ते मुक्याने वाचत होते! मामांपुढे वाचायला लागले तर लांबलचक वाक्यं आपोआप सुटी होऊ लागली. जिथे मला शब्द अडे, तिथे मामांना त्यांच्या आज्याच्या गावचं काही तरी आठवे. शेतकऱ्याच्या घरातली भांडीकुंडी, फाटकं पांघरूण, सारं फुल्यांनी एकेक करून लिहिलंय, ते ऐकताना मामा मध्येच म्हणाले, "हा माणूस त्या घरात आत जाऊन बसलेला आहे."

शेवटचे पंधरा दिवस राहिले तेव्हा लेकीने सुचवलं, सात पातळ पुस्तिका आण, एका रविवारात २४ होतील. मोह झाला, खोटं सांगत नाही. चौकात जयंतीचे स्टॉल लागायलाही सुरुवात झाली होती. पण त्याऐवजी शोकेसची काच सरकवली आणि १८ व्या खंडाचा पहिला भाग काढला, बाबासाहेबांची मराठीतली भाषणं, १९२० ते १९३६. पानं एकमेकांना चिकटलेली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो खंड बसला तो माझ्या मांडीवर. कंपनीत नेता येत नाही इतका जड आहे, तेव्हा घरीच, रोज थोडं.

१३ एप्रिल २०२५ ला रात्री मामांनी सगळी वही वाचून दाखवायला सांगितली. नंबर १ पासून, काट मारलेल्यांसकट. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "सतरा झाली मामा. सात कमी पडली." लाइनवर कारणाचाही रकाना असतो, तो माझ्या वहीत नव्हता, म्हणून मी तोंडी सांगू लागले: वर्षावास, ब्रेक, परीक्षा.

मामांनी हात वर करून थांबवलं. "तो मोठा खंड कितीपर्यंत आला?"

"एकशे बारा पानं."

"मग उद्या सुट्टी आहे ना? चष्मा आण तुझा. थोडं आत्ताही होईल."